डावीकडे नर, उजवीकडे मादी

"नरच घ्यायचे," भाऊ म्हणाला आणि जेवणाच्या टेबलाखाली त्याचा उजवा पाय दाबला गेला. गाडी शिकवायच्या शाळेत तो वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत आला होता. घरातही पाय तसाच चालायचा. कुणी तोंड उघडलं की हा आधी ब्रेक दाबणार.

"मला मादी हव्यात," मुंगी म्हणाली.

मुंगी म्हणजे त्याची दहा वर्षांची मुलगी. अंगाने एवढीशी, पण एखाद्या गोष्टीला चिकटली की झटकूनही न पडणारी. वर्षभर ती पाळीव उंदरांच्या मागे लागली होती. शेवटी बाप कंटाळून हो म्हणाला होता आणि आता वाद एवढ्यावर आला होता: दोन नर की दोन मादी.

"नर शांत असतात. मांडीवर बसून राहतात. मी वाचलंय सगळं." भावाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मादी म्हणजे नुसती पळापळ. पडदे कुरतडणार, कपाटावर चढणार, एका जागी बूड टेकणार नाहीत. शिवाय पुढे त्यांना अंगावर गाठी होतात."

"मला चढणारेच हवेत. मांडीवर घ्यायला उशी आहे की माझ्याकडे."

"आणि नर जातील तिथे थेंब थेंब मुतत जातात, ते नाही वाचलंत?" भावजय म्हणाली.

"त्या खुणा असतात त्यांच्या."

"असू देत. धुणार कोण त्या खुणा?"

टेबलाच्या चौथ्या बाजूला आत्या बसली होती. भावाची मोठी बहीण, बासष्ट वर्षांची, बिनलग्नाची, चार वर्षांपूर्वी नोकरीतून सुटलेली. वाद सुरू झाल्यापासून तिने एकही घास तोंडात घातला नव्हता.

"वन्सं, तुम्हीच सांगा," भावजय म्हणाली. "तुमचा जन्म गेला त्यात."

"मला विचारू नका."

"ताई, नुसतं दुकानात येऊन बघ ना," भाऊ म्हणाला. "नर कुठला, मादी कुठली, एवढंच. एक मिनिट लागेल तुला."

"एक मिनिट नाही लागत, तीन सेकंद लागतात," आत्या म्हणाली. "आणि मी येणार नाही." तिने ताट उचललं, ते मोरीत असं आपटलं की खिडकीवरचा कावळा उडाला, आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"झालं," भाऊ पुटपुटला. "पेटली काडेपेटी."

काडेपेटी हे नाव तिला नोकरीत मिळालं होतं. औषधं शोधणारी एक मोठी संस्था होती. तिच्या मागच्या अंगाला, काचेच्या इमारतीतून दिसू नये अशा बेताने, खिडक्या नसलेली पाच खोल्यांची एक बैठी इमारत होती. कागदावर तिला लांबलचक नाव होतं. तिथे राबणारे तिला उंदीरखाना म्हणत. आत्या तिसाव्या वर्षी तिथे फरशी पुसायला लागली. एकदा पिंजऱ्यातून निसटलेला उंदीर तिने न किंचाळता, न दाबता, पाण्यातून फूल उचलावं तसा उचलला आणि मुकादमाने ते पाहिलं.

"हात हलका आहे तुझा," मुकादम म्हणाला आणि तिला कामाचं शिकवलं. शेपटीच्या मुळाशी धरायचं, पाठ तळहातावर येईल असं उलटं करायचं, अंगठ्याने भुरे केस बाजूला सारायचे आणि दोन छिद्रांमधलं अंतर बघायचं. जास्त अंतर तो नर, कमी ती मादी. "गोट्यांवर जाऊ नकोस," तो म्हणायचा. "गारठ्यात किंवा घाबरला की नर त्या पोटात ओढून घेतो आणि तू त्याला मादी समजून बसतेस. अंतर बघ. अंतर कुठे पळून जात नाही."

दर बुधवारी एकवीस दिवसांची पिल्लं आईपासून काढायची असत. टेबलावर दोन डबे. डावीकडे नर, उजवीकडे मादी. डाव्या डब्यावर जाळी असे. तो मग पलीकडच्या खोल्यांत जाई, औषधांच्या कामाला. उजव्या डब्यातून पैदाशीपुरत्या चार-सहा मादी आधी बाजूला काढत. उरलेल्यांवर झाकण. ते तळहाताने दाबून बसवायचं, आणि मग उजवा हात लांब करून भिंतीवरची गॅसची चावी अर्धा फेरा फिरवायची. मग हात धुवायचे. मग चहा.

अठ्ठावीस वर्षं.

मादी नकोत, कारण मादीचं शरीर चार दिवसांच्या चक्रात फिरतं, असं मोठे डॉक्टर म्हणत. "आज एक आकडा, उद्या दुसरा. आमचा सगळा अभ्यास बिघडतो. नर कसा, रोज सारखा." हे ते नव्या लोकांना पिंजऱ्यांसमोर उभे राहून समजावत, तेव्हा आत्या शेजारी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे धरून उभी असे. महिन्यातले काही दिवस तिच्या कंबरेत कळ असायची, आणि ट्रे तरीही तसूभर हलत नसे. एकाही बाटलीतून थेंब सांडला नाही. तिच्या रोजच्या सारखेपणाचा कुणी अभ्यास केला नाही.

आणि ही काडेपेटी कशावर पेटायची? भुसा ओला आला की पेटायची. बादलीची कडी तुटलेली दिसली, दिवा फडफडला, कुणी चपला घालून आत आलं, की पेटायची. मुकादम तिला टरकून असे. मोठे डॉक्टरसुद्धा तिने डोळे वटारले की चपला काढत. एका भुसेवाल्याला तिने गोणीसकट परत पाठवलं होतं आणि तो पुन्हा कधी ओला भुसा घेऊन आला नाही. पण बुधवारच्या त्या उजव्या डब्याबद्दल तिने अठ्ठावीस वर्षांत चकार शब्द काढला नाही. एकदा एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिने बैठकीत विचारलं, "ही औषधं पुढे बायका खाणार नाहीत का? मग मादींवर का नाही बघायचं?" सगळे हसले. जागा नाही म्हणाले. ती बाई नंतर उंदीरखान्यात आली आणि आत्याला म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं इथे आहात. तुम्ही बोललात तर ऐकतील." आत्याने तिला सांगितलं, "बाई, आधी चपला काढा."

वर्षभरात ती डॉक्टरीण सोडून गेली. आत्या राहिली. निरोपाच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मोठे डॉक्टर म्हणाले, यांच्या हातून एकदाही चूक झाली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ तिने कपाटात पालथं घातलं. सेल कधीच घातला नाही.

शनिवारी भाऊ आणि मुंगी दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत आले. भाऊ धुमसत आंघोळीला गेला आणि मुंगी दार न वाजवता आत्याच्या खोलीत शिरली.

"आत्या, तो दुकानदार म्हणतो सगळे नर आहेत."

"मग झालं. तुझ्या बापाला तेच हवेत."

"पण एकाचं पोट फुगलंय. इथे, बाजूने. आणि तो कोपऱ्यात कागद गोळा करत होता."

आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"सगळे एकाच पेटीत आहेत?"

"एकाच काचेच्या पेटीत. एकोणीस आहेत, मी मोजले. बाबा म्हणाले, एक जरी पिल्लू झालं ना घरात, तर सगळं बोचकं त्याच दिवशी परत. आणि आत्या, परत दिलेले तो कुणाला देतो माहितीये? एक माणूस अजगर पाळतो. त्याला."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. हसत हसत."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस तरणे उंदीर, नर-मादी एका पेटीत, आणि वर पाटी 'सगळे नर'. एवढं साधं काम. तीन सेकंदांचं काम! तिने घडी केलेली चादर पलंगावर फेकली.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

दुकान मोबाइल दुरुस्ती आणि शिंप्याच्या मध्ये चेपून बसलं होतं. काचेचं दार ढकललं की अंगावर थंडगार हवा यायची. यंत्र इतकं जोरात चालू होतं की पोपट पिसं फुगवून गोळा होऊन बसले होते. डावीकडे मासे, समोर कुत्र्यांच्या पट्ट्यांचा स्टँड, आणि मागे, खाद्याच्या पोत्यांजवळ, उंदरांची पेटी. दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, गिऱ्हाइकाला आधी हसून घेणारा.

"या मावशी, या. काय दाखवू?"

"मावशी कुणाची? उंदीर दाखव."

"सगळे नर आहेत, ताई. शांत माल. मांडीवर घ्या, डुलकी काढतील."

"कशावरून नर?"

त्याने पेटीतला एक उचलून तिच्यासमोर धरला. "हे काय, दिसतंय की. आणि ज्याचं दिसत नाही ते वयात यायचेत अजून. येईल मागाहून."

"मागाहून येईल? पत्र आहे का ते?" आत्याचा आवाज चढला. खाद्य घ्यायला आलेली एक बाई वळून बघायला लागली. "यंत्र किती थंड करून ठेवलंयस! अशा गारठ्यात नर सगळं पोटात ओढून घेतो. तुझ्या या कारभारात निम्मे नर मादीसारखे दिसतात आणि मादी तू 'मागाहून येईल' म्हणून विकतोस. किती जण पिल्लं घेऊन परत आले, सांग?"

"येतात अधूनमधून," दुकानदार मान खाजवत म्हणाला. "उंदीर आहेत ताई. होतात पिल्लं."

"होतात? आपोआप होतात? दोन डबे आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

तो आत गेला आणि खाद्याचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे घेऊन आला, झाकणांसकट. आत्याने ते काउंटरवर मांडले. एक डावीकडे, एक उजवीकडे. बाही वर सारली. पेटीत हात घालण्याआधी क्षणभर थांबली, कारण चार वर्षांत तिने उंदराला हात लावला नव्हता आणि पुन्हा लावणार नाही असं स्वतःशी ठरवलं होतं. पण हात तिच्याआधी आत गेला होता.

पहिला. शेपटीचं मूळ, उलटा, अंगठा. डावीकडे. दुसरा. डावीकडे. तिसरी उजवीकडे. फुगलेल्या पोटाची चौथी, तिला जराही न दाबता, उजवीकडे. हाताला काही विचारावं लागत नव्हतं. अंगठा चालत होता आणि उंदरांना ओरडायलाही वेळ मिळत नव्हता. दुकानदाराचं तोंड उघडं राहिलं. खाद्यवाल्या बाईने फोन काढला. "अहो, बघा तरी!" ती म्हणाली. "जादूच आहे!"

अकरा डावीकडे, आठ उजवीकडे. दीड मिनिटसुद्धा झालं नसेल. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आणि मग, टाळ्या चालू असतानाच, आत्याने उजव्या डब्याचं झाकण उचललं, डब्यावर ठेवलं, तळहाताने दाबून बसवलं, आणि उजवा हात लांब करून बाजूची भिंत चाचपली. तिथे भिंत नव्हती. कुत्र्यांच्या पट्ट्यांचा स्टँड होता. तिची बोटं एका पट्ट्याच्या कडीवर पडली आणि त्यांनी ती कडी अर्धा फेरा फिरवली.

"आत्या," मुंगी म्हणाली. "एकाच डब्याला झाकण का लावलंस?"

आत्याने आपल्या हाताकडे पाहिलं. कडी अजून चिमटीत होती. डब्याच्या अर्धपारदर्शक भिंतीआड आठ सावल्या एकमेकींवर चढत होत्या आणि प्लॅस्टिकला आतून वाफ धरायला लागली होती. तिने झाकणाला हात घातला. ते घट्ट बसलं होतं, कारण तिने बसवलेलं झाकण नेहमीच घट्ट बसायचं. नख मोडलं. झाकण निघालं तसं तिने ते दुकानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावलं. एका पिंजऱ्यातले पोपट कलकलाट करत उठले.

"काय हात आहे तुमचा, ताई!" दुकानदार खूश होऊन म्हणाला. त्याला झाकणाचं काही कळलं नव्हतं. "दर रविवारी येता का? तुमच्यासारखं माणूस मिळालं ना, तर माझी..."

"गप्प बस," आत्या म्हणाली. "एक अक्षर बोलू नकोस या हाताबद्दल."

खाद्यवाल्या बाईने फोन खाली केला.

"डावीकडचे दोन घे," ती मुंगीला म्हणाली. "नर घे. त्या आठही जणी इतके दिवस नरांबरोबर होत्या. कुठलीही गाभण असू शकेल. पोट दिसत नसलं तरी. डावीकडचे घेतलेस तर घरात कटकट नाही."

"आणि उजवीकडच्यांचं काय?"

प्रश्न दुकानदाराला होता. तो हात चोळत म्हणाला, "आता मादी म्हटल्यावर कोण नेतंय, बाळ? लोकांना शांत हवेत. त्या जातील मग अजगरवाल्याकडे."

मुंगीने उजव्या डब्यात हात घातला, उलटा, तळवा वर करून, आणि तसाच ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक राखाडी मादी तिच्या मनगटावर चढली आणि बाहीत शिरली. तिच्या मागून दुसरी, एका कानाला तपकिरी डाग असलेली.

"या दोन," मुंगी म्हणाली.

"बाप काय म्हणाला ते ऐकलंयस ना?"

"तू बघ त्यांचं. तू सगळ्यांशी भांडतेस."

आत्या दुकानदाराकडे वळली. "दर रविवारी येईन मी. फुकट येईन. पण या सहा वेगळ्या पेटीत ठेवायच्या, मादी म्हणून पाटी लावायची आणि माणसांना विकायच्या. कळलं? माणसांना."

"ठेवतो की. माझं काय जातंय?" तो हसून म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला की तिला त्याचा आणखी संताप आला.

बाहेर शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या. जाळीचा डबा मुंगीच्या मांडीवर होता.

"तुझा हात काय शोधत होता?"

"चावी."

"कसली?"

आत्याने सांगितलं. बुधवार, दोन डबे, झाकण, अर्धा फेरा. शब्द कमी वापरले, पण एकही चुकीचा वापरला नाही. मुंगी डब्याकडे बघत ऐकत होती. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"फक्त मादी?"

"फक्त मादी."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"खोटं. तू सगळं मोजतेस. कपड्यांचे चिमटेसुद्धा मोजतेस."

अठ्ठावीस वर्षं, दर वर्षी पन्नास बुधवार. आत्याला आकडा माहीत होता. सेल नसलेल्या घड्याळासारखा तो तिच्या आत पालथा पडून होता.

"तू भाजीवाल्याशी भांडतेस," मुंगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण रडण्याने नव्हे. "शेजारच्या काकांशी भांडतेस. बाबांशी तर रोज. माझ्या शाळेत येऊन बाईंशी भांडलीस. मग त्यांच्याशी का नाही भांडलीस?"

"सगळे तसंच करत होते."

"हे तर मी कॉपी केली तेव्हा म्हणाले होते. तेव्हा तू माझा कान पिळलास."

ती उठली, डबा पोटाशी धरला आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबली, मागे न वळता म्हणाली, "यांना तू उलटं धरायचं नाहीस. कधीच नाही."

घरी व्हायचा तो तमाशा झाला. मादी म्हटल्यावर भावाने पाय दाबला, गाभण असू शकतील म्हटल्यावर दोन्ही पाय दाबले. "मी काय सांगितलं होतं? एक जरी पिल्लू..."

"पिंजरा माझ्या खोलीत राहील," आत्या म्हणाली. "परत द्यायला निघालास तर आधी मला उचलून दारापाशी ठेवावं लागेल. उचलून बघ."

भाऊ भावजयीकडे वळला. भावजय म्हणाली, "मला काय, पडदे त्यांच्या खोलीतले जातील."

त्यानंतर कित्येक दिवस मुंगी आत्याशी बोलली नाही. उंदरांसाठी रोज खोलीत यायची, पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसायची, आणि काही सांगायचं असेल तर बाहेर जाऊन सांगायची. "आई, तिला सांग, पाणी बदलायचंय." "वन्सं, पाणी बदलायचंय म्हणे." "बदललंय म्हणावं." आत्याला या वागण्याचा राग आला नाही. पोरीचा राग योग्य जागी पडला होता. तिचा स्वतःचा मात्र आयुष्यभर बादल्यांवर आणि भुशावर पडत राहिला.

दुपारी घर रिकामं असताना ती पिंजऱ्याचं दार उघडायची आणि मुंगीसारखा तळवा वर करून हात आत ठेवायची. हजारो उंदीर तिने हातात धरले होते, पण एकाही उंदराला स्वतःहून हातावर येऊ दिलं नव्हतं. तिला ते येत नव्हतं. अंगठा आपोआप वळायचा आणि दोघी कोपऱ्यात पळायच्या. चौथ्या दिवशी तिने अंगठा सुतळीने तर्जनीला बांधून टाकला. नवव्या दिवशी तपकिरी डागवाली आली, तिने सुतळीचा वास घेतला आणि ती कुरतडायला लागली.

पुढच्या रविवारी ती दुकानात गेली, तेव्हा वेगळ्या पेटीवर 'मादी' अशी पाटी होती आणि आत तीन उरल्या होत्या. फुगलेल्या पोटाची त्यांत नव्हती.

"विकल्या," दुकानदार म्हणाला.

"कुणाला?"

"गिऱ्हाइकाला."

"कुठल्या?"

तो माशांच्या पेटीकडे वळला. आत्याने त्याच्या पाठीला उद्देशून इतकं मोठ्याने सुनावलं की दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. तिन्ही मादी घरी आणाव्यात असं तिला वाटलं, आणि आणल्या तर प्रत्येकीमागे दहा-बारा हा हिशोबही दिसला. ती तशीच परत आली. तोही राग तिने जपून ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही.

घरातली राखाडी मादी अठराव्या दिवशी सकाळी व्याली. मुंगी धावत खोलीत आली, कागदाच्या चिंध्यांच्या घरट्यात हलणारे गुलाबी ठिपके तिने पाहिले आणि विसरून म्हणाली, "आत्या, बारा!" मग आठवलं तशी ओठ मिटून बसली. भाऊ दारात उभा राहिला. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि त्याचा पाय कुठे दाबावा ते त्याला कळेना.

एकवीस दिवस गेले. बुधवार नव्हता, गुरुवार होता. मुंगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दोन डबे घेऊन आत्याच्या खोलीत आली. एक डावीकडे ठेवला, एक उजवीकडे. झाकणं तिने आणलीच नव्हती.

"पुस्तकात लिहिलंय, चार-पाच आठवड्यांत वेगळं नाही केलं तर ते आपसातच..."

"माहितीये मला."

"मला अंतर कळत नाही. मी बघितलं प्रयत्न करून." तिने सुस्कारा टाकला. "आज उलटं धर. फक्त आज."

आत्याने बाही वर सारली. या वेळी तिला वेळ लागला. प्रत्येक पिल्लाला तीन सेकंदांहून जास्त. उलटं केल्यावर पुन्हा सुलटं करून ती त्याला क्षणभर तळव्यावर बसू देत होती आणि मगच ठेवत होती. पाच डावीकडे, सात उजवीकडे. शेवटची उजवीकडे ठेवून झाल्यावर तिचा हात बाजूला जायला लागला, भिंतीकडे. मुंगीने तो मधेच पकडला, घट्ट, नखं रुतेपर्यंत, आणि सोडला नाही.

आठवड्याभरात पाचही नरांना घरं मिळाली. भावाच्या शाळेत गाडी शिकणाऱ्या दोघांनी नेले, भावजयीच्या ओळखीतल्या एकीने दोन नेले, शेवटचा शेजारच्या काकांनी. सगळ्यांनी दारातच विचारलं होतं, नर आहे ना? शांत असतो ना?

जेवणाच्या टेबलावर भाऊ म्हणाला, "सात उरल्या. जुन्या दोन धरून नऊ. ताई, कुणी नेत नाहीये. आता?"

"आता राहतील."

"कुठे?"

"माझ्या खोलीत."

"अगं, पण किती दिवस? काहीतरी मर्यादा असते! नऊ नऊ माद्या! त्या पडदा खाऊन बसल्यात, घड्याळ खाल्लंय..."

"घड्याळ मीच दिलं खायला."

"ताई, मी आत्तापर्यंत ऐकून घेतलं. पण या घरात काही..."

टेबलाखाली त्याचा पाय दाबला गेला. आत्याने ताट बाजूला सारलं. आपटलं नाही. तिचा आवाज चढला नाही, आणि भावजयीला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

"ऐक," आत्या म्हणाली. "मी तिथे अठ्ठावीस वर्षं होते. एकदा मला एकीने बोल म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी तिला चपला काढायला लावल्या. आता बोलते. नऊच्या नऊ राहतील. तुला चालत नसेल तर मी आणि त्या दुसरीकडे जाऊ. पण उरल्या म्हणून काय करायचं, हा प्रश्न या घरात पुन्हा विचारायचा नाही."

मुंगी उठली, आत्याचं ताट तिच्यासमोर परत सरकवलं आणि म्हणाली, "जेव आधी. मग पिंजरा मोठा करायचाय आपल्याला."